काचेवरची टकटक

“ओर्नेल्ला, सामना सुरू होतोय. हो बाहेर,” बाबांनी रेडिओचा कान पिळत फर्मावलं.

ओर्नेल्लाने हातातलं पुस्तक मिटलं आणि गॅलरीत जाऊन स्टुलावर बसली. सत्तेचाळीस वर्षांची बाई, पण सामना असला की तिला काचेच्या दाराच्या आत थारा नव्हता. ऑगस्टमध्ये, मोसमाच्या पहिल्याच सामन्याला, ती चादरी वाळत घालायला बाहेर गेली आणि तेवढ्यात त्यांच्या जेनोव्हाच्या फुटबॉल संघाने गोल केला. ती आत आली आणि संघाने दोन गोल खाल्ले. झालं. जानेवारीत समुद्रावरचा वारा हाडांत शिरायला लागला तेव्हा बाबांनी तिला आपला ओव्हरकोट दिला; आत काही घेतलं नाही. गोल झाला की तेवढी काचेवर आतून बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायचे.

समोरच्या गॅलरीतून योलांदा ओरडली, “काय गं, अजून शिक्षा संपली नाही? खून केलास की काय?”

“अजून एकच रविवार, मावशी.”

“योलांदा, तिला फितवू नकोस!” आतून बाबा गरजले. “शेवटचा सामना हरलो तर खालच्या श्रेणीत जाऊ आपण. मग तुझ्याच दारात येऊन रडत बसेन!”

“या की! निदान तुमच्या त्या रेडिओपासून तरी सुटका होईल.”

त्या रविवारी गोलाची टकटक एकदाच झाली. एक-एक अशी बरोबरी. सामना संपल्यावर बाबांनी दार उघडलं आणि फोकाच्या पावाचा मोठा तुकडा तिच्या हातात ठेवला. कडेचा, जास्त खरपूस, तिला आवडणारा.

“पुढच्या रविवारी टिकलो की ऑगस्टपर्यंत तू मोकळी.”

ओर्नेल्लाच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. तिने पावाचा घास घेतला.

गुरुवारी सकाळी बाबा उठले नाहीत. शनिवारी त्यांना पुरून ती घरी आली.

रविवारी तिने रेडिओ लावला, आवाज मोठा केला. बाबांची खुर्ची रेडिओजवळ जरा सरकवली, ते सरकवायचे तेवढीच. मग बाहेर येऊन दार लावून घेतलं. ऊन होतं, तरी ओव्हरकोट तिने मांडीवर घेतला होता.

योलांदा आज ओरडली नाही. हळूच म्हणाली, “अगं, आज तरी आत बस.”

“नको, मावशी. हरलो तर मलाच बोल लावतील.”

सामना संपता संपता गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांतून एकदम आरोळी उठली. खाली कुणीतरी मोटारीचा भोंगा दाबूनच धरला. योलांदा दोन्ही हातांनी कठडा बडवत होती. “टिकलो गं! टिकलो, ओर्नेल्ला!”

ओर्नेल्ला काचेकडे पाहत राहिली. आत रेडिओवरचा माणूस घसा फाडून ओरडत होता. काच गप्प होती.

मग तिनेच बाहेरून दोनदा टकटक केली.

“बाबा,” ती मोठ्याने म्हणाली, “मला आत, तुमच्या शेजारी बसून ऐकायचं होतं.”