पाहुण्याचं पाणी

डोंगर चढायला आलेल्या पाहुण्यांच्या वहीतलं नाव वाटाड्या गुमिसाने दोनदा वाचलं. रेनातो पास्कुआ, तुगेगाराओ.

“काय रे, अक्षरं विसरलास का?” नोंदणीच्या टेबलामागून लिनाय म्हणाली. “आणि सरांना जरा दमानं ने. कालची बाई माझ्या नावाने बोटं मोडत गेली. हे तर खास तुलाच मागताहेत, कुणीतरी तुझी तारीफ केलेली दिसते.”

“नेतो दमानं,” गुमिसा म्हणाला. खाचराचा पाट पहाटेपासून दुरुस्त करून तो तसाच चिखलाच्या पायांनी आला होता.

खरं तर नाव वाचायचीही गरज नव्हती. टेबलाशी उभ्या असलेल्या ह्या माणसाचा फोटो चार वर्षं त्याच्या फोनमध्ये होता. आता दाढी वाढली होती, गाल बसले होते, पण डोळे तेच. पुलाजवळ दान्नायच्या अंगावर ट्रक घालून हा न थांबता निघून गेला होता. दान्नाय म्हणजे गुमिसाचा पाठचा भाऊ, गेला तेव्हा एकोणीस वर्षांचा. कोर्टात साक्षीदार उभा राहिला नाही आणि हा सुटला. गुमिसा तेव्हा बागियोकडच्या खाणीत कामाला होता, त्यामुळे ह्या माणसाने गुमिसाचं तोंडही कधी पाहिलेलं नव्हतं.

आज तो आपल्या पायांनी चालत आला होता, डोंगर चढायला.

एकाच गोष्टीची काळजी घ्यायची होती. कालिंगांच्या, म्हणजे गुमिसाच्या जमातीच्या, गावात पाहुणा आला की आधी वाटाड्याच्या घरी जातो, पेलाभर पाणी पितो, मग चढायला लागतो. एकदा घरच्या हाताने दिलेलं पाणी प्यायला की तो घरचा झाला. त्याच्या केसाला धक्का लागला तर जाब यजमानाने द्यायचा, आणि यजमानानेच हात उचलला तर तो सख्ख्या भावावर उचलल्यासारखा. त्याला माफी नाही.

म्हणून गुमिसाने त्याला घराकडे फिरकूच दिलं नाही. “ऊन चढायच्या आत निघू, सर,” म्हणत बांधाबांधाने परस्पर वर काढलं.

रेनातो पन्नाशीचा, चालण्याची सवय नसलेला. खाचरं संपून पाइनचं रान लागलं तेव्हाच त्याच्या छातीचा भाता झाला.

“किती राहिलं, भाऊ?”

“हे काय, एवढंच.”

“तासापूर्वीही एवढंच म्हणालात.”

“तासापूर्वीचं एवढंच वेगळं होतं, सर.”

रेनातो हसला. गुमिसालाही हसू आलं आणि स्वतःचाच राग आला. ह्या माणसाशी हसायचं काय कारण?

दुपारी रेनातोची बाटली रिकामी झाली. त्याने ती उलटी धरून शेवटचा थेंब जिभेवर घेतला.

“तुमच्याकडे असेल का घोटभर?”

“माझंही संपलं. झरा पुढे आहे, कड्याच्या पलीकडे.”

पुढचं पाऊल टाकताच गुमिसाच्या पिशवीतलं पाणी डुचमळलं. दोघांनीही ते ऐकलं. रेनातो ओठ पुसून चालू लागला. तहानलेल्याला गुमिसाने जन्मात कधी नाही म्हटलं नव्हतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण मग आई आठवली. चार वर्षं ती रोज संध्याकाळी एवढंच विचारायची, “सापडला का तो?” त्यापुढे शब्द नाही. गुमिसा मान खाली घालून पाय धुवायला जायचा. आज मान वर करून आत जायचं होतं.

कड्यावरची वाट हातभर रुंद. डावीकडे सरळ नदीपर्यंत काही नाही. इथे कुणाचाही पाय घसरू शकतो, आणि वाटाड्याला कुणी खोदून विचारत नाही.

“बसतो जरा,” असं म्हणून रेनातो अगदी कडेच्या दगडावर बसला, गुमिसाकडे पाठ करून. शर्ट घामाने चिकटला होता. मान म्हाताऱ्या कोंबड्यासारखी बारीक. गुमिसा त्याच्यामागे येऊन उभा राहिला. एक धक्का पुरला असता. हात उचलायला गेला तर उचलवेना, खाली सोडला तर दान्नाय डोळ्यांपुढे यायचा. तो रडायच्या बेतात आला.

“तुम्ही नाव वाचलंत तेव्हाच मला ओळखलंत,” रेनातो वळून न बघता म्हणाला. “कळलं मला.”

गुमिसाने विचारलं, “मग आलात कशाला वर?”

“तुम्ही न्याल तिथे जायचं, असं ठरवूनच घरून निघालो होतो. चार वर्षं झोप नाही, भाऊ. आता तुम्ही करा काय करायचं ते. मी मागे बघणार नाही.”

गुमिसाने श्वास ओढला. ह्या वेळी हात उचलला गेला.

“फक्त तुमच्या आईंना एक निरोप सांगा,” रेनातो म्हणाला. “त्यांना म्हणावं, उपकार झाले.”

हात हवेतच राहिला. “आईला? तू तिला कुठे पाहिलंस?”

“पहाटेच्या जीपने उतरलो तो आधी तुमच्या घरी गेलो. तुम्ही शेतावर होतात. त्यांना सगळं सांगितलं. ट्रक माझा, आणि मी थांबलो नाही, तेही. मला वाटलं, कोयता घेऊन येतील. त्या उठून आत गेल्या आणि पेला भरून आणला. मी म्हटलं, तहान नाही. म्हणाल्या, पी. आणि शेवटचा घोट घेईपर्यंत समोरून हलल्या नाहीत.”