शिशाचा उजेड

अर्धापूरच्या भुजंगरावांची हळद नांदेडच्या प्रयोगशाळेत तपासणीला गेली होती. त्यांची लेक उज्वला तिथंच नोकरीला. संध्याकाळी तिचा फोन आला.

"आबा, हळद विकू नका. तिच्यात शिसं हाय."

"अगं, दुपारी तर तुझे साहेब म्हणले, शिसं न्हाई!"

"मशीननं तसंच दाखवलं होतं. प्लाझ्माच्या, म्हंजी लई तापलेल्या वायूच्या, धगीत हरेक धातू आपला वेगळा उजेड सोडतो, त्यावरून मशीन त्याला ओळखतं. पण हळदीला माती लई होती. मातीतल्या ॲल्युमिनियमच्या उजेडात शिशाचा उजेड दबून गेला. मला शंका आली. शिसं दुसऱ्या रंगाचा उजेड बी सोडतं, तिथं पाहिलं. सापडलं."

"माल माझा हाय, हे ठाऊक होतं तुला?"

"बाटलीवर नुसता नंबर असतो. अहवाल लिहिताना नाव कळल्यावर अजून दोनदा तपासलं, आबा. खोटं निघावं म्हणून."

भुजंगरावांनी तडक हळद पॉलिश करून देणाऱ्याला गाठलं. हळद चकाकावी म्हणून शिसं असलेली पिवळी भुकटी टाकल्याचं त्यानं कबूल केलं. हळदीची चाळीस पोती जागची हलली नाहीत.

दुसऱ्या दिवशी मोंढ्याच्या बाजारात एक व्यापारी हसला, "घरची पोर असून तुमचाच माल अडवला व्हय?"

"हाव," भुजंगरावांची मान ताठ झाली. "माझा अडवला ना तिनं? मग उद्या तुमचा पास केला, तर डोळे झाकून लेकराबाळांना खाऊ घाला."