सोबतीला ताई

प्रतिभानं तिसरी मावा जलेबी उचलली तेव्हा सुलभानं तोंड फिरवलं. पाक मनगटापर्यंत ओघळत होता आणि भावजय बोटं चाटत होती. रक्ताचा कॅन्सर झालेली बाई!

"घ्या ना ताई थोडी. तुम्हाला आवडते म्हणून मागवली."

"मला ओकारी येईल," सुलभा म्हणाली. ते खोटं नव्हतं. हिचं खाणं बघून हल्ली तिचं पोट दोन घासांतच भरायचं.

सगळं तापावरून सुरू झालं. प्रतिभाचा ताप उतरेना, पण सुईचं नाव काढलं की ती लहान पोरीसारखी रडायची. शेवटी लॅबमध्ये सुलभानंच आपला हात आधी पुढं केला. "बघ, मुंगी चावते तेवढंच." मग कुठं बाईसाहेबांनी हात दिला. लॅबवाल्यानं दोघींचं रक्त घेतलं. संध्याकाळी तिचा भाऊ योगेंद्र रिपोर्ट घेऊन घरी आला तो भिंत धरूनच खाली बसला. पांढऱ्या पेशी दहा-अकरा हजारांच्या आत असायला हव्यात, त्या तीन लाखांवर गेल्यात, म्हणाला. पुढं न बोलता त्यानं बायकोकडं बघितलं. सुलभा काय समजायचं ते समजली.

फोपनार गावचे भाऊबंद रक्त द्यायला धावले, पण योगेंद्रनं त्यांना परत पाठवलं. डॉक्टर म्हणे, पेशींच्या गर्दीनं रक्त आधीच खिरीसारखं दाटलंय, बाटली चढवली तर आणखी दाटेल. इंदौरला नेऊन मशीननं पेशी काढायच्या, नाही तर मेंदूतच रक्त अडायचं. त्यासाठी त्यानं केळीची उभी बाग विकली.

सुलभाला या बाईची किळस यायला लागली. खायला काळ नि भुईला भार! घडोघडी पाणी प्यायची आणि एकटीला जात नाही म्हणून सुलभाच्याही हातात तांब्या द्यायची. केळीच्या घडाचा धक्का लागून सुलभाच्या दंडावर काळानिळा डाग पडला होता, तो बघून डोळ्याला पदर लावायची. कसली ही सोंगं!

अखेर सुलभानं तोंडावरच सांगितलं. "आमच्या आईला आठव. दवाखान्यात नळ्या लावून सडली ती. मला असं काही झालं तर तापीकाठी नेऊन टाका, पण मी दवाखान्याची पायरी चढणार नाही. तुलाच एवढी जगायची हाव कशाला?"

योगेंद्र उठून बाहेर गेला.

"हाव आहे ना ताई," प्रतिभा म्हणाली. "बस, तुम्ही सोबत चला. मला सुईची भीती वाटते."

सुलभा भावाकडं बघून निघाली. रस्ताभर तिचं डोकं ठणकत होतं. चष्मा कितीदा पुसला तरी पाट्या धूसरच दिसत होत्या.

वॉर्डात पलंगाजवळ मशीन तयार होतं. नर्स दोन जाड सुया घेऊन आली तशी प्रतिभा पांढरीफटक पडली. तरी तिनं बाही वर सारली आणि हात पुढं केला.

"बघा ताई, मुंगी चावते तेवढंच."

नर्सनं तो हात हळूच बाजूला केला आणि ती सुलभाकडं वळली.

"सुलभाजी, लेट जाइए."