दोघींचे पट्टे

चामड्याचे पट्टे शिवणं शिकायला आबांकडे दोघी एकाच दिवशी बसल्या होत्या, मुलगी ललिता आणि सून शेवंता. महिना झाला तरी आबा ललिताचा प्रत्येक पट्टा उसवायला लावत. सुनेचा मात्र "छान" म्हणून बाजूला ठेवत.

आज आबा बाहेर पडताच ललितानं शेवंताचा पट्टा ओढला आणि शिवणीवर चामडं कापायची रापी टेकवली.

"कापा, वन्सं," दारातून शेवंता म्हणाली. "तुमचं बरंय. मामंजी तुमच्यावर ओरडतात, शिकवतात. मी परक्याची लेक, माझी चूक कुणी दाखवतच नाही. रोज जळते मी तुमच्यावर."

ललितानं पट्टा उजेडात धरला. टाके सैल होते, कड खरबरीत होती. तिला आधी आनंद झाला, मग स्वतःचीच लाज वाटली.

"इथं बसा, वहिनी," ती म्हणाली. "दोरा आणखी ओढून घ्यायला हवा."

शेवंता लगबगीनं शेजारी येऊन बसली.