सार्जंटचा पाय

सकाळपासून पाठीत लाथ बसली नव्हती, आणि ओत्ताविओला चैन पडत नव्हतं.

इजिप्तमधल्या अल अलामेनच्या वाळूत इटालियनांचे सहा मध्यम रणगाडे हुकमाची वाट पाहत तापत होते. ओत्ताविओ ड्रायव्हर, म्हणून खाली पुढे. वर सार्जंट झानेत्ती आणि तोफेत गोळे भरणारा देल्मो. इंजिन सुरू झालं की आत कानाशी ओरडलेलंही ऐकू येत नसे. मग सार्जंट बुटाने बोले. डाव्या खांद्यावर लाथ म्हणजे डावीकडे, उजव्यावर उजवीकडे, पाठीत म्हणजे पुढे.

“मध्यम म्हणजे नेमकं काय रे?” देल्मोने उगाच विचारलं.

“चिलखत हलक्या गाडीचं, वेग जड गाडीचा,” ओत्ताविओ म्हणाला.

“थोबाडं बंद!” सार्जंट खेकसला. “हुकमाशिवाय मागे वळलेल्याला गोळ्या घालतात, ठाऊक आहे ना? आणि मी काही वळायला सांगणार नाही.”

हुकूम आला. पाठीत सणसणीत लाथ बसली.

इंग्रजांचे रणगाडे दुप्पट लांबून मारत होते. झानेत्तीचे गोळे त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हते. उजवीकडची गाडी पेटली, मग डावीकडची. पाठीत लाथा चालूच होत्या. ओत्ताविओ रडत होता आणि गाडी पुढे नेत होता.

मग वर घण बसल्यासारखा आवाज झाला. गाडी हादरली, धुराने भरली. इंजिन मात्र चालू राहिलं.

थोड्या वेळाने बूट डाव्या खांद्यावर टेकला. पुन्हा डाव्याच. गाडी पुरती मागे फिरेपर्यंत टेकत राहिला. मग पाठीवर आला, दाराशी घुटमळणाऱ्या पाहुण्याला आत सारावं इतका हळू.

आठ महिन्यांत सार्जंटने एवढी हळू लाथ कधी मारली नव्हती. ओत्ताविओला मागे बघायची भीती वाटली. त्याने बघितलं नाही. गाडी हाकत राहिला.

टेकडीमागे कॅप्टन धावतच आला. “कोणाच्या हुकमाने मागे आलात?”

ओत्ताविओने इंजिन बंद केलं. “सार्जंटच्या, साहेब.”

“झानेत्ती? तो कशाला मागे वळेल!” कॅप्टनने बाजूचं झाकण उघडून आत डोकं घातलं.

झानेत्ती आसनावर कलंडला होता. छाती उरलीच नव्हती. त्याच्या पायाशी देल्मो उकिडवा बसला होता. सार्जंटचा बूट त्याने दोन्ही हातांत घट्ट धरला होता.

कॅप्टनने त्या हातांकडे बघितलं. टेकडीपलीकडे आणखी एक गाडी फुटल्याचा आवाज आला.

“सोड बाळा तो पाय,” तो म्हणाला. “हुकूम पोचला.”