आमच्यातले फादर

शिपायानं फादर शांतवन दुशिंगांना पुन्हा रांगेत ढकललं, तेव्हा फादरांना मनातून बरं वाटलं.

"ओ काका, मागं व्हा. बोलावल्यावर यायचं," शिपाई खेकसला.

काका! अंगात खिसा उसवलेला शर्ट, पायात रबरी चपला. तालुक्याच्या कचेरीत आता आपल्याला कोणी वस्तीवाल्यांहून वेगळं ओळखत नाही, या विचारानं ते चक्क हसले.

ते हसणं मागं उभ्या असलेल्या आक्काबाई साळव्यांनी पाहिलं आणि त्यांचं डोकं सणकलं. गायरानावरची वस्ती हटवायची नोटीस आली होती. हरकत सांगायचा आज शेवटचा दिवस. तहसीलदार साहेबांनी आज ऐकून घेतलं नाही, तर उद्या जेसीबी येणार होता आणि रस्त्याकडून पहिलं घर आक्काबाईंचं होतं. पत्र्याचं का असेना, त्यात त्यांची नातवंडं झोपत होती. आणि फादर हसत होते.

फादर वाईट नव्हते, हीच तर पंचाईत होती. वाईट असते तर बिशपांकडे तक्रार तरी करता आली असती. पुण्याच्या सेमिनरीत, फादर होण्याच्या शिक्षणात, त्यांनी मुक्तीचं ईश्वरविज्ञान वाचलं होतं. चर्चनं गरिबांची नुसती कीव करायची नाही, त्यांची बाजू घ्यायची, त्यांच्यासारखं जगायचं, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. वस्तीजवळच्या मिशनात आल्या आल्या त्यांनी पांढरा झगा कपाटात टाकला. जीप परत पाठवून दिली. तेव्हापासून वस्तीतल्या बायका बाळंतपणाला उसाच्या ट्रॅक्टरवर बसून राहुरीच्या दवाखान्यात जातात. सोबत फादर असतात, एवढाच काय तो फायदा. आधीच्या फादरांनी नुसता फोन केला तरी पाण्याचा टँकर यायचा. हे फादर स्वतःच हंडा घेऊन बायकांच्या मागं नंबर लावतात. दुष्काळात तेरावा महिना, दुसरं काय!

तेवढ्यात रांगेत कुजबूज सुरू झाली. साहेबांची नगरला मीटिंग होती. ते आता निघणार होते.

"आपण शांतपणे थांबू," फादर म्हणाले. "सगळ्यांचं जे होईल ते आपलं होईल."

मग मात्र आक्काबाईंना राहवलं नाही. चर्चची झाडलोट आणि धुणं त्यांच्याकडेच असे. त्यांनी काखेतल्या पिशवीतून फादरांचा झगा काढला. नीळ देऊन धुतलेला, कडक इस्त्रीचा.

"घाला ह्यो."

फादर दचकले. "हा कशाला आणला? आक्काबाई, हा अंगात घातला की लोक मला वेगळं धरतात. मग मी तुमच्यातला राहत नाही."

"आमच्यातले लई झाले, फादर!" आक्काबाईंचा आवाज चढला. "बगा की ही रांग. समदे आमच्यातलेच हायेत. त्या दाराच्या आत जानारा येक न्हाई. घोडेगावच्या बाजारात म्हस न्यायची तरी आमी तिची शिंगं रंगवून नेतो. तुमाला साहेबाम्होरं असं कसं न्यावं?"

रांगेतलं कोणीतरी फिसकन हसलं. फादरांचा चेहरा पडला. आपण या लोकांसाठी काय काय सोडलं, आणि यांनी आपल्याला म्हशीच्या जोडीला बसवावं! त्यांना राग आला. पण आक्काबाईंनी झगा तसाच पुढं धरून ठेवला होता. त्यांनी तिथंच, सगळ्यांसमोर, शर्टावर झगा चढवला. घाईत बटणं खालीवर लागली. आक्काबाईंनी ती काढून परत नीट लावली.

शिपाई ताडकन उठला. "अहो फादर, आधी सांगायचं ना! या, या."

तोच माणूस, तेच तोंड. फादरांना त्या शिपायाची आणि त्या झग्याची सारखीच चीड आली. "हे सगळे माझ्याबरोबर आहेत," ते इतक्या जोरात म्हणाले, की शिपायानं मुकाट्यानं दार धरून ठेवलं.

साहेब खरोखरच निघाले होते. बॅग खांद्याला, गाडीची किल्ली हातात. झगा पाहून ते थबकले.

"या फादर, बसा ना. माझी मुलगी सिस्टरांच्याच शाळेत आहे." त्यांनी टेबलापुढची खुर्ची दाखवली. ती एकच होती.

फादरांनी मागं पाहिलं. वस्तीतली माणसं भिंतीला पाठ लावून, आपला धक्का कशाला लागू नये अशा बेतानं उभी होती. झगा घातला तो घातला, आता खुर्चीही? इतकी वर्षं जपलेलं सगळं एका दुपारात सोडायचं?

"नको साहेब," ते ताठ होत म्हणाले. "ही माणसं उभी असताना मला बसवत नाही. मी यांच्याबरोबरच उभा राहतो."

"बरं, जशी तुमची मर्जी." साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मग उभ्याउभ्याच सांगा. नाहीतर असं करा, निवेदन ठेवून जा. बघू नंतर." बोलता बोलता ते दाराकडे वळलेही.

आक्काबाईंनी पुढं होऊन फादरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि जोरानं खाली दाबला.

"बसा," त्या दातओठ खात म्हणाल्या. "उभं ऱ्हायाला आमी हाय की!"

फादर बसले. मग खांद्यावरची बॅग काढून साहेबांनाही बसावं लागलं.