फ्रिजचा प्लग

खंडेनवमीला पोलीस ठाण्यात बंदुकांशेजारी नव्या कॉम्प्युटरचीही पूजा होती. साहेबांना स्क्रीन चालू हवा, सॉकेट एकच. मुद्देमाल सांभाळणाऱ्या हवालदार सुखदेवनं फ्रिजचा प्लग काढला आणि लावायचा विसरला. चार दिवसांनी फ्रिजमधल्या बाटलीतल्या कापसावर बुरशी आली. चंपाबाईंच्या लेकीनं मरताना खुन्याला ओरबाडलं होतं. तिच्या नखांतलं त्याचं रक्त त्या कापसावर होतं. दुसरा पुरावा नव्हता. “लिहा लोडशेडिंग. लाइटवाले थोडेच भांडायला येणारेत?” साहेब म्हणाले. सुखदेवनं नोंदवहीत तसंच लिहिलं. आज चंपाबाई हडपसरहून आल्या. त्यांना नोंद वाचून दाखवताना त्याची जीभ अडखळली, तशा त्याच समजावू लागल्या, “लाइट गेली, त्याला तुमी काय करणार साहेब? तुमीच तर पोरीला जपलंत.” सुखदेवनं नोंद खोडली आणि मोठ्यानं म्हणत खाली लिहिलं, “लाइट होती. प्लग मी काढला.”